प्रकल्प नोंदी: कोयना परिसरासाठी मॅग्निट्यूडनुसार हादऱ्याचे प्रारूप

६ जानेवारी २०२५

काम नेमके काय, ते आधी ठरवून घेतले. कोयना-वारणा पट्ट्यात भूकंपाचा मॅग्निट्यूड आणि अंतर दिले, तर खडकावर कमाल त्वरण किती येईल हे सांगणारे सूत्र हवे आहे. मॅग्निट्यूडची व्याप्ती ३ ते ६.५, अंतर १०० किलोमीटरपर्यंत. त्वरण गुरुत्वाच्या पटीत (जी) मोजायचे.

अडचण पहिल्याच दिवशी स्पष्ट आहे. या भागात ३ ते ४.५ चे भूकंप सतत होतात, त्यामुळे त्यांच्या नोंदी मिळतात. अभियंत्याला मात्र ६.३ ची काळजी असते आणि त्या आकाराची जवळून घेतलेली नोंद एकच आहे: ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेची, तीही कोयना धरणाच्या पोटातल्या गॅलरीतली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाच्या मुख्य धक्क्याची जवळून घेतलेली त्वरण-नोंद नाही, त्यामुळे तिकडूनही मदत नाही. थोडक्यात, लहान भूकंपांवरून मोठ्याकडे जायचे आहे. हे अंतर सरळ रेषेने ओलांडता येत नाही आणि या प्रकल्पातले निम्मे काम त्या एका गोष्टीभोवती फिरणार आहे.

९ जानेवारी

यादी साफ करणे. एकाच भूकंपाला वेगवेगळ्या संस्थांच्या यादीत वेगवेगळे आकडे असतात, कारण कुणी स्थानिक मॅग्निट्यूड देते, कुणी शरीरलहरींचा, कुणी आघूर्णाचा (भ्रंशाचे क्षेत्र, सरकण आणि खडकाचा ताठपणा यांच्या गुणाकारावरून काढलेला). प्रारूपासाठी फक्त आघूर्ण मॅग्निट्यूड वापरायचा. बाकीचे सारे रूपांतर करून, आणि रूपांतरित आकड्यासमोर खूण करून.

लहान भूकंपांत हा फरक नुसता कागदोपत्री राहत नाही. साधारण ४ च्या खाली स्थानिक मॅग्निट्यूड आणि आघूर्ण मॅग्निट्यूड यांचे नाते एकास-एक नसते. स्थानिक मॅग्निट्यूड १ ने वाढला की आघूर्ण मॅग्निट्यूड सुमारे दोन तृतीयांशच वाढतो. दोन्ही एकाच स्तंभात मिसळले तर मॅग्निट्यूडचा उतार आपोआप वाकतो, आणि मग तो वाक स्रोताचा गुणधर्म समजून लोक त्यावर पानेच्या पाने लिहितात. चूक किती महाग पडते त्याचा अंदाज: या आकारात त्वरणाचा उतार नैसर्गिक लॉगमध्ये एका मॅग्निट्यूडला सुमारे १.७ आहे. मॅग्निट्यूड ०.३ ने चुकला तर त्वरण १.७ पटीच्या आसपास चुकते.

आघूर्णाचे सूत्र: दशमान लॉग(आघूर्ण) = १.५ × मॅग्निट्यूड + १६.०५, एकक डाइन-सेंटिमीटर. न्यूटन-मीटरमध्ये १६.०५ च्या जागी ९.०५. दोन एककांत एक कोटीचा फरक आहे. पुढच्या सूत्रात आघूर्णाचे घनमूळ येते, त्यामुळे एकक चुकले की कॉर्नर वारंवारता (स्रोताच्या वर्णपटाचा उतार जिथे बदलतो ती) २१५ पटीने चुकते. एवढी मोठी चूक लगेच दिसते. मॅग्निट्यूडच्या प्रकाराची चूक दिसत नाही, म्हणून तीच जास्त वाईट.

१५ जानेवारी

नोंदींवरची प्रक्रिया ठरवली. क्रम असा:

भूकंप येण्यापूर्वीच्या भागाची सरासरी काढून संपूर्ण नोंदीतून वजा करणे. दोन्ही टोकांना ५ टक्के निमुळते करणे. मागे-पुढे शून्ये जोडणे. एकूण लांबी १.५ × फिल्टरचा क्रम ÷ खालची सीमा, म्हणजे चौथ्या क्रमाचा फिल्टर आणि ०.१ हर्ट्झ सीमा असेल तर ६० सेकंद. मग बटरवर्थ फिल्टर, पुढून आणि मागून दोन्हीकडून, म्हणजे कला सरकत नाही. शून्ये न जोडता असा फिल्टर लावला तर नोंदीच्या सुरुवातीला खोटी लाट उमटते, आणि दोनदा समाकलन केल्यावर विस्थापनाचा आलेख एखाद्या दिशेला वाहत जातो.

खालची सीमा सगळ्यांना एकच ठेवायची नाही. प्रत्येक नोंदीत संकेत-गोंगाट गुणोत्तर ३ च्या वर जिथे जाते तिथे सीमा. ३ मॅग्निट्यूडच्या नोंदीत ही सीमा १ हर्ट्झच्या वरही येते, म्हणजे त्या नोंदीतून १ सेकंद आवर्तकाळाबद्दल काहीच सांगता येणार नाही. वापरण्याजोगी सर्वांत कमी वारंवारता सीमेच्या १.२५ पट धरली. त्याखालचे आकडे तक्त्यात रिकामे ठेवायचे, शून्य नाही. शून्य ठेवले की समाश्रयण (नोंदींवर सूत्र बसवण्याची पद्धत) त्याला खरे मोजमाप समजते.

वरच्या बाजूला नमुने सेकंदाला १०० असले, तर ४० हर्ट्झच्या पुढे उपकरणाचा स्वतःचा फिल्टर सुरू होतो. कठीण बसाल्टवर ही मर्यादा खरोखर अडवते.

दोन आडव्या घटकांऐवजी दोन्ही घटक ० ते १८० अंशांत फिरवून येणाऱ्या कमाल मूल्यांचा मध्यक घ्यायचा. उपकरण कोणत्या दिशेला बसवले आहे यावर उत्तर अवलंबून राहत नाही. त्यासाठी दोन्ही घटकांची वेळ तंतोतंत जुळलेली हवी. जुन्या फिल्मवरून अंकित केलेल्या नोंदींत ती नेहमी जुळलेली असतेच असे नाही.

१७ जानेवारी

अंतर: फाटलेल्या भ्रंशपृष्ठाची जमिनीवरची छाया घेऊन तिच्यापासूनचे सर्वांत कमी आडवे अंतर. ४.५ च्या खाली ते अधिकेंद्रापासूनच्या अंतराइतकेच असते. ६.३ ला नाही. अधिकेंद्रापासून १३ किलोमीटरवर असलेले ठिकाण भ्रंशाच्या छायेपासून ३ किलोमीटरवरही असू शकते.

२२ जानेवारी

स्रोताचा वर्णपट, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती जोर. ब्रूनचे १९७० चे प्रारूप घेतले. या कामापुरते दुसरे काही घेण्याचे कारण दिसत नाही. कॉर्नर वारंवारता = ४९ लाख × आडव्या (एस) लहरींचा वेग × घनमूळ(स्ट्रेस ड्रॉप ÷ आघूर्ण). वेग किलोमीटर प्रतिसेकंद, स्ट्रेस ड्रॉप (भ्रंश सरकल्यावर उतरणारा ताण) बारमध्ये, आघूर्ण डाइन-सेंटिमीटरमध्ये. कोयनेत भूकंप बसाल्टच्या थराखालच्या ग्रॅनाइटी खडकात होतात (गोठणे येथील खोल विंधन-विवरात बसाल्ट सुमारे १,२५० मीटरवर संपला), म्हणून वेग ३.५ आणि घनता २.८ धरली. स्ट्रेस ड्रॉप सुरुवातीला १०० बार.

येणारे आकडे: मॅग्निट्यूड ३ ला ११.२ हर्ट्झ, ४ ला ३.५५, ५ ला १.१२, ६ ला ०.३६, ६.३ ला ०.२५. मॅग्निट्यूडच्या प्रत्येक पायरीला ३.१६ ने भागायचे. स्रोताची त्रिज्या (०.३७ × वेग ÷ कॉर्नर) ३ ला सुमारे ११५ मीटर, ५ ला १.२ किलोमीटर, ६.३ ला ५.२ किलोमीटर. कोयनेतले भूकंप बहुतांश १० किलोमीटरच्या आतल्या खोलीवर होतात. ५.२ त्रिज्येचा म्हणजे दहा किलोमीटर रुंदीचा स्रोत त्या खोलीत मावतो-न-मावतो. तिथे 'बिंदू-स्रोत' हे गृहीतक फक्त नावापुरते उरते. ६.३ साठी पुढे भ्रंशाचे तुकडे पाडून पाहावे लागेल.

आता मुख्य मुद्दा. मॅग्निट्यूड एकने वाढला तर त्वरणाच्या वर्णपटाची उंची किती पट होते? याला एकच उत्तर नाही. कॉर्नरच्या बऱ्याच खाली ती आघूर्णाप्रमाणे वाढते, ३१.६ पट. कॉर्नरच्या बऱ्याच वर घनमुळाप्रमाणे, ३.१६ पट. मधे कुठेही असू शकते. स्ट्रेस ड्रॉप स्थिर धरून काढलेली गुणोत्तरे:

१० हर्ट्झवर: ३ ते ४ मध्ये ६.४ पट, ४ ते ५ मध्ये ३.५, ५ ते ६ मध्ये ३.२.
१ हर्ट्झवर: ३ ते ४ मध्ये २९.५ पट, ४ ते ५ मध्ये १९, ५ ते ६ मध्ये ६.४.
०.२ हर्ट्झवर: ३१.५, ३०.७ आणि २४.८ पट.

बुटक्या कौलारू घराला १० हर्ट्झच्या आसपासचे महत्त्व, उंच इमारतीला ०.२ चे. म्हणून '६ चा भूकंप ५ च्या किती पट जोरात हलवतो' हा प्रश्न इमारतीची उंची न विचारता सोडवता येत नाही. वर्तमानपत्रांत हमखास येणारे '३२ पट ऊर्जा' हे वाक्य हादऱ्याबद्दल काहीच सांगत नाही.

३० जानेवारी

कमाल त्वरण हा एका वारंवारतेचा आकडा नाही, त्यात सगळ्या वारंवारता मिसळतात. हँक्स आणि मॅकग्वायर यांची १९८१ ची पद्धत हाताने चालवून पाहिली, कारण संगणकाचा प्रोग्राम लावण्यापूर्वी अंदाज हातात असावा.

सरासरी-वर्ग त्वरण = ०.८५ × (४π² ÷ १०६) × स्ट्रेस ड्रॉप ÷ (घनता × अंतर) × वर्गमूळ(वरची मर्यादा ÷ कॉर्नर). कमाल त्वरण त्याच्या √(२ लॉग(२ × मर्यादा ÷ कॉर्नर)) पट, लॉग नैसर्गिक. इथे स्ट्रेस ड्रॉप डाइन प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये, म्हणजे १०० बारचे १० कोटी.

वारंवारतेची वरची मर्यादा १५ हर्ट्झ, अंतर १० किलोमीटर, मॅग्निट्यूड ६.३, १०० बार: सरासरी-वर्ग ८७ सेंटिमीटर प्रतिसेकंद वर्ग, गुणक ३.०९, कमाल २७० म्हणजे ०.२८ जी. स्ट्रेस ड्रॉप २०० बार केला तर ०.४८ जी. ५ वरून ६ ला जाताना कमाल त्वरण २.०७ पट होते. त्यात १.७८ पट कॉर्नर खाली सरकल्यामुळे आणि १.१६ पट कालावधी वाढल्यामुळे: हादरा जास्त वेळ चालला की त्यात एखादा मोठा झटका येण्याची शक्यता वाढते.

हे सूत्र ३ मॅग्निट्यूडला लावू नये. तिथे कॉर्नर ११.२ हर्ट्झ आणि वरची मर्यादा १५. दोन्हींमध्ये जागाच नाही. अशा भूकंपात स्रोताने निर्माण केलेली उच्च वारंवारता जमिनीच्या वरच्या थरांतच खाल्ली जाते. कमाल त्वरण तेव्हा आघूर्णाच्या जवळ जाणाऱ्या वेगाने वाढते. मोठ्या भूकंपात ते आघूर्णाच्या सहाव्या मुळाच्या आसपास वाढते. उतार का बदलतो याचे उत्तर एवढेच आहे.

ही वरची मर्यादा मोजायला कप्पा वापरला: उच्च वारंवारतेत वर्णपट घातांकी पद्धतीने उतरतो, त्या उताराचा आकडा सेकंदांत. कप्पा ०.०२ असेल तर १ ÷ (π × कप्पा) म्हणजे सुमारे १६ हर्ट्झ. कप्पा ०.०२ वरून ०.०४ झाला तर १० हर्ट्झवर उंची ०.५३ पट राहते, २५ हर्ट्झवर ०.२१ पट.

३ मॅग्निट्यूडच्या नोंदीतून कप्पा काढताना कॉर्नर त्याच पट्ट्यात येतो आणि दोघे एकमेकांची सोंगे घेतात. कमी स्ट्रेस ड्रॉप आणि कमी कप्पा, किंवा जास्त आणि जास्त, दोन्ही जोड्या वर्णपटाला सारख्याच बसतात. उपाय दोन. कप्पा ३.५ च्या वरच्या भूकंपांतूनच काढणे. किंवा एकाच जागच्या दोन वेगळ्या आकाराच्या भूकंपांचे वर्णपट-गुणोत्तर घेणे, म्हणजे मार्ग आणि जागा दोन्ही कटतात आणि फक्त दोन कॉर्नर उरतात. दुसरा उपाय अधिक खात्रीचा, पण जोड्या थोड्याच मिळतात.

४ फेब्रुवारी

संदर्भ प्रारूप म्हणून बूर आणि सहकाऱ्यांचे २०१४ चे सूत्र निवडले. ते एनजीए-वेस्ट-२ या नोंदींच्या संचावर उभे आहे: ५९९ भूकंपांच्या २१,३३६ नोंदी, मॅग्निट्यूड ३ ते ७.९. लहान-मोठे दोन्ही आकार एकाच सूत्रात असणे ही आपली मुख्य गरज, आणि सूत्र हाताने तपासता येण्याइतके सुटसुटीत आहे. मॅग्निट्यूडच्या अक्षावर ५.५ ला सांधा आहे: त्याखाली वर्गसमीकरण, त्यावर वेगळी सरळ रेषा. अंतराचा गुणांकही मॅग्निट्यूडबरोबर बदलतो.

ओपनक्वेक या भूकंप-धोक्याच्या प्रोग्राममधून आलेले आकडे गुणांक हाताने मांडून पडताळले. आडवा सरकभ्रंश, अंतर १० किलोमीटर, वरच्या ३० मीटरमधला सरासरी वेग ७६० मीटर प्रतिसेकंद:

मॅग्निट्यूड ३ — ०.००१९ जी
मॅग्निट्यूड ४ — ०.०१०३ जी
मॅग्निट्यूड ५ — ०.०६१८ जी
मॅग्निट्यूड ६ — ०.१८२ जी
मॅग्निट्यूड ७ — ०.२४४ जी

पायऱ्यांची गुणोत्तरे ५.४, ६.०, २.९ आणि १.३. शेवटच्या आकड्यावर थांबून विचार करण्यासारखे आहे. ६ चा भूकंप ७ चा झाला तर दहा किलोमीटरवर कमाल त्वरण फक्त एक तृतीयांशाने वाढते. भ्रंशाच्या छायेपासून १ किलोमीटरवर तर १३ ते १४ टक्केच. १०० किलोमीटरवर मात्र दुप्पट. जवळच्या ठिकाणाला भ्रंशाचा शेजारचा तुकडाच हलवतो. भ्रंश आणखी तीस किलोमीटर लांब फाटला तरी तो भाग दूर आहे, त्याची लहर उशिरा आणि क्षीण होऊन येते. कमाल आकडा वाढत नाही, हादरण्याचा वेळ वाढतो. दूरच्या ठिकाणाला अख्खा भ्रंश जवळजवळ सारख्याच अंतरावर असतो, म्हणून तिथे आकार जाणवतो.

७ फेब्रुवारी

कृत्रिम चाचणी. समजा आपल्याकडे फक्त ३ ते ४.५ च्या नोंदी आहेत आणि त्या संदर्भ प्रारूपावर तंतोतंत बसतात, विखुरणे शून्य. त्यावरून पुढे नेले तर काय मिळते?

सरळ रेषा (नैसर्गिक लॉगमध्ये उतार १.७१): ६.३ ला ०.५४ जी. संदर्भ प्रारूप देते ०.२० जी. पावणेतीन पट जास्त. ७ ला १.८ जी, म्हणजे सात पटींहून अधिक.

वर्गपद घालून: ६.३ ला ०.७४ जी, ७ ला ३ जी.

दुसरा निकाल जास्त महत्त्वाचा. नेहमीचा सल्ला असा की वक्रता पकडण्यासाठी वर्गपद घाला. इथे वर्गपदाने अंदाज बिघडला, कारण ५.५ च्या खाली या सूत्राची वक्रता किंचित वरच्या बाजूला आहे. खाली वाकणे सांध्यानंतर येते आणि आपल्या नोंदी सांध्याच्या अलीकडेच संपतात. ज्या भागात आकडेच नाहीत, तिथला वाक आकड्यांतून निघत नाही.

११ फेब्रुवारी

१९६७ ची नोंद. धरणाच्या १-ए खंडातल्या गॅलरीतील त्वरणमापकावर धरणाच्या लांबीच्या दिशेने ०.६३ जी, प्रवाहाच्या दिशेने ०.४९, उभे ०.३४. पुढे धरणाच्या विश्लेषणांत सर्रास वापरल्या गेलेल्या दुरुस्त आवृत्तीत प्रवाहाच्या दिशेला ०.४७ आणि उभे ०.३१ आहे. धरणाच्या मूळ संकल्पनात भूकंपासाठी ०.०५ चा गुणांक धरला होता, हे शेजारी ठेवून पाहिले की या नोंदीचा इतका बोलबाला का झाला ते कळते.

दोन आडव्या घटकांचा भूमितीय मध्य ०.५६ जी. अंतर नक्की किती धरायचे यावर मतभेद होऊ शकतात, म्हणून तीन किमती. मॅग्निट्यूड ६.३, वेग ७६०:

१ किलोमीटर: प्रारूप ०.४१ जी, नोंद अर्धा सिग्मा (प्रमाण विचलन) वर.
५ किलोमीटर: ०.३० जी, एक सिग्मा वर.
१० किलोमीटर: ०.२० जी, १.७ सिग्मा वर.

या आकारासाठी सूत्राचा एकूण सिग्मा नैसर्गिक लॉगमध्ये ०.६०५. खडक अधिक कठीण धरला (१,५०० मीटर प्रतिसेकंद) तर प्रारूपाचे आकडे ०.६६ पट होतात आणि फरक अनुक्रमे १.२, १.७ आणि २.४ सिग्मा.

इथे एक सापळा आहे, तो ठळक लिहून ठेवायला हवा. ७ तारखेच्या चाचणीत लहान भूकंपांवरून काढलेली सरळ रेषा ६.३ ला, १० किलोमीटरवर, ०.५४ जी देते. कोयनेची नोंद ०.५६. कुणीही म्हणेल, बघा, स्थानिक रेषा बरोबर आली आणि परदेशी प्रारूप चुकले. हा योगायोग आहे. तीच रेषा ७ ला १.८ जी देते, तेव्हा तिच्यामागे भौतिकी नाही हे उघडे पडते. एक नोंद म्हणजे वितरणातला एक नमुना. एक-दीड सिग्मा वर असणे यात जगावेगळे काही नाही. शिवाय हे उपकरण मोकळ्या खडकावर नव्हते, १०३ मीटर उंच धरणाच्या एका खंडात होते आणि तो खंडही स्वतःच्या वारंवारतेने हलत होता. ही नोंद प्रारूपाच्या तपासणीसाठी ठेवायची, समाश्रयणात घालायची नाही. घातली तर ६ च्या वरच्या सगळ्या अंदाजाची सूत्रे एका खंडाच्या हाती जातात.

१८ फेब्रुवारी

जागेचा परिणाम. 'कोयना म्हणजे काळा पाषाण' असे धरून सर्वत्र कठीण खडकाचा वेग टाकता येत नाही. वर मुरूम, पठारावर जांभा, आणि लाव्ह्याच्या दोन प्रवाहांमध्ये तांबडी भाजल्यासारखी माती. वेग खोलीबरोबर वाढतच जातो हे गृहीतक या तांबड्या थराशी मोडते. पृष्ठलहरींवरून वेग काढणारी पद्धत असा मधला मऊ थर सहज चुकवते. जिथे विंधन-विवर आहे तिथेच त्या पद्धतीवर विश्वास ठेवायचा.

दोन नमुना छेद मांडले. मुरुमाचा वेग ३५०, खालच्या बसाल्टचा १,६०० मीटर प्रतिसेकंद धरून:

मुरूम ३ मीटर: ३० मीटरचा सरासरी वेग १,१८० च्या आसपास, थराची स्वतःची वारंवारता (वेग ÷ (४ × जाडी)) २९ हर्ट्झ.
मुरूम १० मीटर: सरासरी ७३०, वारंवारता ८.७५ हर्ट्झ.

दुसरा छेद कागदावर 'जवळपास ७६०' असल्यामुळे तो संदर्भ खडकच समजला जाईल. पण त्याचा गुणक ८.७५ हर्ट्झवर आहे, आणि ३ ते ३.५ च्या भूकंपांची बरीचशी ताकद त्याच पट्ट्यात असते. त्यामुळे लहान भूकंपांचे कमाल त्वरण या जागी फुगते. ६.३ च्या भूकंपाची ताकद रुंद पट्ट्यात पसरलेली असते, तिथे तेवढे फुगणार नाही. म्हणजे लहान भूकंपांवरून काढलेला जागेचा गुणक मोठ्याला जसाच्या तसा लावणे हीसुद्धा मॅग्निट्यूडच्या उताराचीच चूक आहे, फक्त दुसऱ्या दाराने आलेली. जागेचा गुणक कमाल त्वरणावर न लावता फुरिए वर्णपटावर, वारंवारतेनुसार लावायचा.

आडव्या-उभ्या घटकांचे गुणोत्तर प्रत्येक केंद्रासाठी काढणे. खर्च नाही, आणि असा ८-९ हर्ट्झचा सुळका लगेच दिसतो.

२५ फेब्रुवारी

समाश्रयणाची मांडणी गोठवली.

मॅग्निट्यूडचा उतार, सांधा आणि अंतराशी असलेले त्याचे नाते संदर्भ प्रारूपातून जसेच्या तसे. स्थानिक नोंदींतून फक्त एवढेच सोडवायचे: एक स्थिर फरक, लांब अंतरावरील क्षयाचा फरक, आणि केंद्रनिहाय पद. कृत्रिम नोंदी तयार करताना लागणारे स्ट्रेस ड्रॉप आणि कप्पा वेगळे, वर्णपटातून. अनेकांना हे अपुरे वाटेल, कारण 'स्थानिक प्रारूप' म्हटले की सगळे गुणांक स्थानिक हवेत. पण ३ ते ४.५ च्या नोंदींना ६.३ च्या उताराबद्दल काही माहीत नाही. त्यांना विचारून उपयोग नाही.

साधे लघुतम-वर्ग वापरायचे नाही. एका ४.५ च्या भूकंपाच्या अनेक नोंदी आणि दुसऱ्याच्या दोनच असल्या, तर पहिला भूकंप सगळा निकाल ओढून नेतो, जणू त्या नोंदी एकमेकींपासून स्वतंत्र आहेत. मिश्र-परिणाम पद्धत: प्रत्येक भूकंपाला स्वतःचे एक यादृच्छिक पद (विखुरणे ताऊ), आणि त्याच्या आतले नोंदींचे विखुरणे (फाय). संदर्भ प्रारूपात ४.५ पर्यंत ताऊ ०.४०, फाय ०.६९५, एकूण ०.८०. ५.५ च्या वर ०.३५, ०.४९५ आणि ०.६०५. लहान भूकंप जास्त विखुरतात: त्यांचे मॅग्निट्यूड आणि खोली कमी अचूक असतात आणि उथळ थरांचा परिणामही जास्त. म्हणून स्थानिक नोंदींतून मिळालेला सिग्मा ६.३ ला लावायचा नाही. एक सिग्मा म्हणजे पहिल्या बाबतीत २.२ पट, दुसऱ्या बाबतीत १.८ पट, धोक्याच्या गणितात हा फरक फार दूरवर जातो.

स्थिर फरक किती पक्का मिळेल ते भूकंपांच्या संख्येवर आहे, नोंदींच्या नाही. दहा भूकंप असतील तर ताऊमुळे येणारी प्रमाण त्रुटी ०.४० ÷ √१० म्हणजे ०.१३. एकाच भूकंपाच्या शंभर नोंदींनी ती ०.४० च्या खाली येत नाही.

ट्रिगरवर चालणाऱ्या उपकरणांची दुसरी खोट: हादरा उंबरठ्याच्या वर गेला तरच ते जागे होतात. दूरच्या अंतरावर फक्त सरासरीपेक्षा जोरदार नोंदीच यादीत येतात आणि क्षय आहे त्यापेक्षा कमी दिसतो. प्रत्येक मॅग्निट्यूडसाठी ज्या अंतरावर पहिले केंद्र जागे झाले नाही, त्यापुढच्या सगळ्या नोंदी वगळायच्या, चांगल्या दिसत असल्या तरी. सतत नोंद करणाऱ्या केंद्रांना ही अट नाही.

२८ फेब्रुवारी

उरलेले फरक तपासण्याचा क्रम: आधी भूकंपनिहाय पदे मॅग्निट्यूडसमोर मांडायची, मग खोलीसमोर, मग नोंदनिहाय फरक अंतरासमोर. पदे मॅग्निट्यूडबरोबर चढत किंवा उतरत असतील तर लगेच उताराला हात लावायचा नाही. आधी स्थानिक-आघूर्ण रूपांतर पाहायचे. अशा कलाचे कारण तिथे सापडण्याची शक्यता सर्वाधिक.

पदे खोलीबरोबर वाढली तर ते खरे असू शकते. भ्रंश-छायेच्या अंतराला खोली कळत नाही, आणि २ किलोमीटरवरच्या व ८ किलोमीटरवरच्या खडकाचा स्ट्रेस ड्रॉप सारखा नसतो.

४ मार्च

स्ट्रेस ड्रॉप मॅग्निट्यूडबरोबर बदलतो का, हा प्रश्न बाजूला ठेवता येत नाही. १०० चे २०० बार केले की उच्च वारंवारतेची उंची १.५९ पट होते. लहान भूकंपांवरून १०० बार काढले आणि ६.३ ला प्रत्यक्षात २०० असले, तर सगळा हिशेब तेवढ्याने खाली राहील. हे लहान नोंदींतून ठरत नाही. म्हणून ६.३ साठी तीन फांद्या: ७०, १०० आणि २०० बार. वजने ०.३, ०.४, ०.३. वजने हा निर्णय आहे, मोजमाप नाही, आणि अहवालात तसेच लिहायचे.

तुकड्यांच्या भ्रंशाची मांडणी: १० × १० किलोमीटर, २ किलोमीटरचे तुकडे, फाटण्याचा वेग आडव्या लहरींच्या ०.८ पट. तुकडे लहान केले की प्रत्येकाचा कॉर्नर वर जातो आणि एकूण उच्च वारंवारता फुगते. जुन्या पद्धतीत उत्तर तुकड्याच्या आकारावर अवलंबून राहते. गतिशील कॉर्नरची आवृत्ती (जिच्यात कॉर्नर तोवर फाटलेल्या एकूण क्षेत्रावरून ठरतो) वापरायची, आणि १ व २ किलोमीटरच्या तुकड्यांनी उत्तर जुळते का ते पाहिल्याशिवाय पुढे जायचे नाही.

१० मार्च

तक्त्याची पहिली आवृत्ती बंद केली. प्रत्येक ओळीसमोर तीनपैकी एक खूण: अंदाज स्थानिक नोंदींच्या आवाक्यातला आहे (४.५ पर्यंत), संदर्भ प्रारूपावर टेकलेला आहे (४.५ ते ५.५), की पूर्णपणे उसना आहे (त्यापुढे). वापरणाऱ्याने ०.२ जी हा आकडा उचलताना शेजारची खूणही उचलावी, एवढ्यासाठी ती वेगळ्या पानावर न ठेवता त्याच ओळीत ठेवली.

उरलेली कामे: ५ ते २० हर्ट्झमध्ये कप्पा केंद्रनिहाय पुन्हा काढणे; १० मीटर मुरुमाच्या छेदासारखी केंद्रे वेगळी करून स्थिर फरक किती हलतो ते पाहणे; १ सेकंदाच्या आवर्तकाळासाठी ३.५ च्या खालच्या नोंदी वगळून संपूर्ण समाश्रयण पुन्हा चालवणे.